आत्याआजीचा वानोळा

गोगलगाय आजारी नव्हती. शेवाळ आजारी नव्हतं. पाणी तर इतकं स्वच्छ होतं, की टाकीपलीकडची भिंत आरशासारखी दिसायची. तरीही सोमवाडीच्या पहिल्या टाकीतले सगळे मासे पाहता पाहता मेले. मग आजार आणला कोणी?

ओजस आजोबा हे कोडं द्वारकाला ती बोबडं बोलत होती तेव्हापासून घालत आले होते. आता ती दहा वर्षांची झाली, तरी उत्तर काही मिळालं नव्हतं. तिने पाण्यावर आळ घेऊन पाहिला, दिव्यावर घेऊन पाहिला, एकदा तर खलाशीवरही घेतला. खलाशी म्हणजे टाकीची देखभाल आणि बंदरावर सामानाची तपासणी करणारा यंत्रमानव. तो म्हणाला, "तेव्हा माझी जुळणीसुद्धा झाली नव्हती. आरोप अमान्य."

सोमवाडी ही चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळची वस्ती. तिथल्या विवरांत बर्फ आहे, म्हणून पाणी आहे, आणि पाणी आहे म्हणून वस्ती. पृथ्वी तिथून क्षितिजाला टेकलेली दिसते, उंबऱ्यावर येऊन बसलेल्या पण घरात न येणाऱ्या पाहुणीसारखी. ज्या काळात ही गोष्ट घडली, त्या काळात म्हाताऱ्यांची नावं ओजस आणि स्वरांगी अशी असायची आणि पोरींची द्वारका, यमुना अशी. नावांचीही भरती-ओहोटी असते.

ओजस आजोबा मूळचे कोकणातल्या खारशेत बंदरातले, कोळ्याच्या घरातले. समुद्री जीवांचे शास्त्रज्ञ म्हणून ते चंद्रावर आले आणि इथेच राहिले. बर्फाच्या पाण्यात क्षार मिसळून त्यांनी खारट टाकी उभी केली. खारशेतच्या किनाऱ्यावरून गोठवून आणलेल्या अंड्यांतून पट्टेरी मासे वाढवले. पहिली पिढी त्या कोड्यात गेली. आता टाकीत दुसरी पिढी होती : पाच मासे, आणि त्यांच्यावर दादागिरी करणारा एक, ज्याचं नाव द्वारकाने 'मुकादम' ठेवलं होतं. द्वारका आली की मुकादम काचेशी येऊन तोंड उघडझाप करायचा, जणू हजेरी घेतोय.

सोमवाडीतले लोक सुट्टीच्या दिवशी या टाकीसमोर येऊन बसत. आपण समुद्रासाठी आलो असं कोणी कबूल करत नसे. कोणाला पाय मोकळे करायचे असत, कोणाला आजोबांशी 'महत्त्वाचं काम' असे. काम सांगायला मात्र सगळे विसरत.

द्वारकाने समुद्र कधी पाहिला नव्हता. तिला त्याचा आकार ठाऊक होता, खोली ठाऊक होती, आवाज ध्वनिफितीतून ठाऊक होता. वास तेवढा ठाऊक नव्हता. टाकीच्या पाण्याला नुसत्या मिठासारखा, भांडं धुतल्यासारखा वास यायचा. "समुद्राला कसा वास येतो?" असं विचारलं, की एरवी तासभर बोलणारे आजोबा दोन शब्दांत गप्प व्हायचे. "शेवाळाचा येतो," म्हणायचे, "ओल्या शेवाळाचा."

आणि त्या कोड्यानंतर टाकीत शेवाळच नव्हतं.

त्या वर्षी आजोबांची धाकटी बहीण स्वरांगी, म्हणजे द्वारकाची आत्याआजी, महिनाभरासाठी चंद्रावर आली. प्रवाशाला फक्त लहानशी पिशवी आणता येते. आत्याआजी उतरली ती अंगावरच्या एका लुगड्यानिशी. पिशवीत कपडे नव्हते. होता तो एक गोल, झाकण घट्ट बसवलेला डबा.

सोमवाडीच्या बंदरावर खलाशीने नेहमीचा प्रश्न विचारला, "सजीव वस्तू. उगम?" म्हणजे, कुठून आणली?

"खारशेतचा कासवकातळ," आत्याआजी ताठ मानेने म्हणाली. "माझ्या हाताने खुडलंय."

आजोबांच्या हातातली काठी थांबली. कासवकातळ म्हणजे त्यांच्या लहानपणीचा खडक. ओहोटीला पाण्यातून कासवाच्या पाठीसारखा वर यायचा. दोघं भावंडं त्यावर बसून आईच्या हाका ऐकू न आल्याचं सोंग करायची.

घरी पोचल्यावर डबा उघडला. आत शेवयांच्या गुंत्यासारखं हिरवंगार शेवाळ होतं, आणि त्यात बोराएवढ्या शंखांतल्या गोगलगाई आणि जवळ्याएवढी चिमुकली कोळंबी.

"हिची चटणीसुद्धा होणार नाही," आत्याआजी म्हणाली. "पण वानोळा लहान-मोठा बघायचा नसतो."

गावाहून येताना आपल्याकडचं काहीतरी ताजं घेऊन यायचं, त्याला वानोळा म्हणतात. मोजून पाहिलं तर चार शेंगा असतात. पण त्या चार शेंगांसाठी माणसाने किती वाट तुडवली, हेच त्यात मोजायचं असतं. वानोळा दारात ठेवत नाहीत. थेट घरात घेतात. न घेणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं.

द्वारकाने डब्यात नाकच घातलं. वास आला. खारट, हिरवा, थोडासा कुजका, थोडासा गोड. तिला तो ओळखीचा वाटला, आणि कधीच न भेटलेली गोष्ट ओळखीची कशी वाटते हे तिला कळेना.

"चला, टाकीत सोडू या!" ती म्हणाली.

"मोठ्या टाकीत नाही," आजोबा म्हणाले. "त्या कोपऱ्यातल्या छोट्या टाकीत."

"पण तिच्यात मासेच नाहीत!"

"म्हणूनच."

आत्याआजीचा चेहरा उतरला. "दादा, माझा वानोळा ओसरीवर ठेवतोस?"

आजोबांनी द्वारकाला जवळ बोलावलं. मोठ्या माणसांना जे तोंडावर सांगता येत नाही, ते मुलांना समजावण्याच्या निमित्ताने सांगायची रीत जुनी आहे.

"आपलं कोडं आठवतं? आज सोडवू. माशांचा एक परजीवी असतो (परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर राहून पोट भरणारा जीव). डोळ्याला दिसत नाही इतका बारीक. तो माशाच्या कातडीत शिरतो, खातो, फुगतो. मग माशावर मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके दिसतात. पोट भरलं की तो मासा सोडतो आणि खाली पडतो. आता तो काय करत असेल?"

"मरत असेल."

"इतका साधा नाही तो. जे सापडेल त्याला चिकटतो आणि स्वतःभोवती कोष करतो (कोष म्हणजे घट्ट बंद पेटी). दगड चालतो, काच चालते..."

द्वारकाने गोगलगाईच्या शंखाकडे पाहिलं. "शंखही चालतो?"

"चालतो. शेवाळही चालतं. गोगलगाय आजारी पडत नाही, कारण तो माशांचा आजार आहे, तिचा नव्हे. ती फक्त ओझं वाहते, आणि तिला ठाऊकही नसतं. पेटीच्या आत एकाचे दोन, दोनाचे चार असे शेकडो होतात. एक दिवस पेटी फुटते आणि ते सगळे पोहत निघतात, मासा शोधायला."

"म्हणजे पहिल्या टाकीत..."

"मी एक सुंदर गोगलगाय सोडली होती. पृथ्वीवरच्या दुकानातून मागवलेली. तिथे ती माशांच्याच पाण्यात राहत होती."

द्वारकाने उपाय सुचवायला सुरुवात केली. गोगलगाय धुऊन घ्यावी? पेटी धुतल्याने निघत नाही. औषध घालावं? तांब्याचं औषध त्या परजीवीला मारतं खरं, पण गोगलगाय, कोळंबी असे पाठीचा कणा नसलेले बारके जीवही त्याने मरतात. गोडं पाणी? ते शेवाळालाच सोसत नाही.

"मग काहीच करता येत नाही?"

"एक येतं. तूच शोध. पेटीतून निघालेल्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही, तर ते उपाशी मरतं."

द्वारकाने छोट्या टाकीकडे पाहिलं. तिच्यात पाणी होतं, दिवा होता, मंद बुडबुडे होते. चंद्रावर बुडबुडेही आळसावून वर येतात. मासा मात्र नव्हता.

"तिथे मासाच नाही," ती हळूच म्हणाली. "पेट्या फुटतील, पिल्लं शोधतील, आणि... संपतील. आपण नुसतं थांबायचं!"

"नुसतं थांबायचं. याला विलगीकरण म्हणतात (म्हणजे वेगळं ठेवणं). पण काही पेट्या उशिरा फुटतात, म्हणून अडीच महिने."

हे ऐकलं आणि आत्याआजीने मान वळवली. तिचं परतीचं जहाज महिन्याने होतं.

तो महिना विचित्र गेला. आत्याआजी रोज छोट्या टाकीसमोर बसायची, आणि पाहायची मोठ्या टाकीकडे. तिला फक्त एकदा त्या निळ्या पाण्यात हिरवं शेवाळ हलताना पाहायचं होतं, भावाच्या शेजारी बसून. इतक्या लांबचा प्रवास या वयात पुन्हा होणार नव्हता. ती तसं म्हणाली नाही. पण प्रत्येक जेवणानंतर ती कासवकातळावर शेवाळ कसं खुडलं ते सांगायची, आणि गोष्ट वाढत चालली होती. पहिल्या दिवशी लाट घोट्यापर्यंत आली होती. आठवड्याने ती गुडघ्याला लागली. नंतर कंबरेला. आजोबा दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकायचे. "आणि खेकडे?" असं मधेच विचारायचे. आत्याआजी लगेच दोन खेकडे घालायची.

द्वारकाचं काम गोगलगाईंना चारा घालणं. जाळी, चिमटा, बरणी, सगळं छोट्या टाकीचं वेगळं होतं. इकडचा थेंबही तिकडे जाऊ द्यायचा नाही, कारण पिल्लाला पोहायला थेंब पुरतो. एकदा शेवाळाचा गुंता सोडवताना चिमट्याला काहीतरी कडक लागलं. मोहरीएवढा खडा. निळा. असा निळा, की द्वारकाला वाटलं पृथ्वीचाच तुकडा पडलाय.

"खलाशी, कासवकातळावर असे खडे असतात?"

खलाशीने खडा भिंगाखाली धरला. "रंग दिलेली वाळू. शोभेच्या टाक्यांत तळाला पसरतात. निसर्गात आढळत नाही."

द्वारकाने खडा बोटांत फिरवला. शोभेची टाकी म्हणजे दुकान. दुकान म्हणजे मासे. आत्याआजीने शेवाळ खुडलं नव्हतं. विकत घेतलं होतं.

"आजोबांना सांगायचं?" खलाशीने विचारलं.

"त्यांनी विचारलं तरच."

आजोबांनी विचारलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक थेंब तपासला, त्याने या शेवाळाचा उगम एकदाही तपासला नाही. माणसाला जे खरं असावंसं वाटतं, त्याची तो परीक्षा घेत नाही. शास्त्रज्ञही नाही. द्वारकाने खडा कागदात गुंडाळून खिशात ठेवला. शेवाळ अडीच महिने वेगळं राहणारच आहे, मग म्हातारीची गोष्ट मोडायची कशाला?

जहाज सुटायच्या आदल्या दिवशी, जेवणं झाल्यावर, आजोबा उठले. छोट्या टाकीतून त्यांनी शेवाळाचा एक झुबका जाळीत उचलला आणि मोठ्या टाकीकडे निघाले.

"आजोबा, कुठे नेताय?"

"एवढासाच," आजोबा म्हणाले. ते कोणाकडे पाहत नव्हते. "उघड्या कातळावरचं शेवाळ आहे. लाटा आपटतात तिथे, मासे फारसे टिकत नाहीत. दुकानातल्यापेक्षा धोका कितीतरी कमी. अगदीच नाही असं नाही, पण कमी. स्वरा उद्या जाणार. बघू दे तिला एकदा."

आत्याआजी उभी राहिली. महिनाभर ज्याची वाट पाहिली ते चार पावलांवर आलं होतं. तिचे डोळे चमकले, आणि दुसऱ्याच क्षणी तिने ते मिटून घेतले.

मुकादम काचेशी आला आणि द्वारकाकडे पाहून तोंड उघडझाप करू लागला.

द्वारकाला ओरडता आलं असतं. 'ती खोटं बोलली' एवढंच म्हणायचं होतं. पण तिने ओरडायच्या ऐवजी खिशातली पुडी काढली, आत्याआजीचा हात उघडला आणि तळव्यावर निळा खडा ठेवला. "शेवाळात होता," ती कानाशी म्हणाली. "मी कोणाला सांगितलं नाही."

आत्याआजीने खड्याकडे पाहिलं. मग टाकीकडे. मग पाठमोऱ्या भावाकडे.

"दादा, थांब."

"एवढंसं शेवाळ गो..."

"थांब म्हणते ना! ते कातळावरचं नाही. बाजारातल्या दुकानातलं हाय. तिथे त्याच पाण्यात मासे होते. मी डोळ्यांनी बघितले."

जाळीतून पाणी ठिबकत होतं, सावकाश, चंद्रावर ठिबकतं तसं. आजोबांनी आधी ती जाळी परत छोट्या टाकीत बुडवली. हात धुतले. मग विचारलं, पण माशांबद्दल नाही.

"कातळ?"

"नाही रे राहिला," आत्याआजी म्हणाली. "समुद्र वर चढलाय. आधी मोठ्या ओहोटीला तरी डोकं काढायचा. आता तेही नाही. मी टोपली घेऊन गेले होते दादा, खरंच गेले होते. जिथे आपला कातळ होता, तिथे उभी राहिले. लाट कंबरेपर्यंत आली. तेवढं खोटं नव्हतं."

आजोबा तिच्या शेजारी बसले. खलाशीने काहीतरी सांगायला मान वर केली आणि, यंत्र असूनही, पुन्हा खाली घातली.

"खेकडे?" शेवटी आजोबांनी विचारलं.

"एकही नव्हता. ते तू मागितलेस म्हणून घातले."

आजोबा हसले. मग दोघंही हसली, डोळे पुसत. "तुझ्या मुकादमाला मी मारलंच होतं गो बाय," आत्याआजी द्वारकाला म्हणाली. "कशाला? तर माझा वानोळा मोठ्या ताटात वाढलेला दिसावा म्हणून."

"तू मारलं नाहीस. तूच थांबवलंस," द्वारका म्हणाली.

"आमच्यात नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात लोटत नाहीत. घरात कालवण नसलं तरी नाही. समुद्राला पिल्लं वाढवायची असतात. लहानपणापासून थांबणं शिकलेली मी, आणि म्हातारपणी घाई करत होते." तिने खडा द्वारकाला परत दिला. "ठेव. आणि डबा इथेच राहू दे. तो घेऊन जायला मला वेळ नाही."

डबा न्यायला कसला वेळ लागतो, असं खलाशीला विचारायचं होतं. द्वारकाने त्याला कोपराने ढोसलं.

आत्याआजी गेल्यावर काही दिवसांनी द्वारकाने छोट्या टाकीतलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं (सूक्ष्मदर्शक म्हणजे बारीक गोष्टी मोठ्या करून दाखवणारं यंत्र). आजोबांनीही डोळा लावला आणि श्वास रोखला. पारदर्शक थेंबासारखे जीव गरगर फिरत होते, वळत होते, परत येत होते. पेट्या फुटल्या होत्या.

"मासा शोधतायत," आजोबा म्हणाले.

द्वारकाला त्यांचा राग यायला हवा होता. पण ते ज्या ओढीने शोधत होते ती तिला ओळखीची वाटली. आजोबा क्षितिजावरच्या पृथ्वीकडे असंच बघायचे. "बिचारे," ती म्हणाली, आणि पुढे घाईने, "पण सापडायला नको हं."

दुसऱ्या दिवशी पाहिलं तेव्हा ते तळाशी निपचित पडले होते. काही आठवड्यांनी आणखी थोडे निघाले, फिरले, संपले. मग नुसतंच पाणी. आजोबांनी तरी ठरलेली मुदत एका दिवसानेही कमी केली नाही. दरम्यान छोट्या टाकीच्या काचेवर पांढऱ्या नक्षीसारखी अंडी दिसली आणि त्यांतून टाचणीच्या डोक्याएवढ्या गोगलगाई निघाल्या. त्या जन्मल्यापासून माशाच्या पाण्यात कधी गेल्याच नव्हत्या.

मुदत संपली त्या दिवशी द्वारकाने निम्मं शेवाळ मोठ्या टाकीत सोडलं. पृथ्वीवर आत्याआजी पडद्यासमोर बसली होती. चंद्रावरून चित्र पोचायला सव्वा सेकंद लागतो, म्हणून आधी सोमवाडीतले लोक "अरे वा!" म्हणाले आणि मग थोड्या वेळाने ती म्हणाली. मुकादम पहिल्यांदा शेवाळावर धावून गेला. मग त्याने ते चाखलं. मग त्यात शिरला आणि फक्त तोंड बाहेर ठेवून बसला, नव्या कचेरीत बसल्यासारखा. माशांची घाण पाण्यात विरघळते. ती शेवाळ शोषून घेतं आणि त्यावर वाढतं. टाकीला आता स्वतःचा झाडूवाला मिळाला होता. आणि हळूहळू खोलीत तो वास येऊ लागला. महत्त्वाचं काम असलेल्या लोकांची गर्दी दुप्पट झाली.

"दादा," आत्याआजी पडद्यातून म्हणाली, "पण हे आपल्या कातळावरचं नाही रे."

आजोबा टाकीकडे बघत राहिले. "नाही," ते म्हणाले. "पण वास तोच आहे."

पुढचं जहाज पृथ्वीकडे निघालं तेव्हा द्वारका आत्याआजीचा डबा घेऊन बंदरावर गेली. ज्या डब्यातून काही आलं, तो रिकामा परत करायचा नसतो, हे तिला कोणी शिकवायची गरज पडली नव्हती. डब्यात छोट्या टाकीतल्या शेवाळाचा झुबका होता आणि चंद्रावर जन्मलेल्या तीन गोगलगाई. वर चिठ्ठी बांधली होती : 'समुद्रात सोडू नकोस, हे शेवाळ तिथलं नाही. वेगळ्या टाकीत ठेव. त्या टाकीत मासा कधीच घालू नकोस. मग ज्याला निरोगी शेवाळ हवं असेल, त्याला तुझ्याकडून नेता येईल.' तळाशी, धुऊन पुसून, तो निळा खडाही ठेवला होता.

खलाशीने नेहमीचा प्रश्न विचारला, "सजीव वस्तू. उगम?"

द्वारकाने क्षितिजाकडे पाहिलं. पृथ्वी उंबऱ्यावर बसली होती. तिच्यावरच्या त्या निळ्या रंगात कुठेतरी कंबरभर पाण्याखाली कासवाच्या पाठीसारखा एक खडक होता. एक दिवस ती जाणार होती, तिथे उभी राहणार होती, आणि लाट कुठपर्यंत येते ते स्वतः पाहणार होती.

"सोमवाडी," ती ताठ मानेने म्हणाली. "माझ्या हाताने खुडलंय."

खलाशीने झाकण उघडून तपासलं, थोडा थांबला, आणि म्हणाला, "उगम मान्य."